‘न्हाई’ म्हणायला शिकवणाऱ्या बाई

वर्ग एका सुरात “होऽऽ” म्हणाला की बाई दोन्ही कानांत करंगळ्या घालायच्या. डोळे मिटलेले, खांदे वर चढलेले. जणू शेजारी कुणी फटाक्यांची माळ लावलीय. मग एक करंगळी काढून म्हणायच्या, “कुणाचं ‘नाही’ आलं का यात? नाही म्हणा रे, बिघडत नाही.”

तुम्हीही शाळेत गेलाच असाल. मास्तरांनी “समजलं का?” विचारायचं आणि आपण “हो” म्हणायचं, हा व्यवहार कुणी ठरवला ठाऊक नाही, पण दोन्ही बाजूंना सोयीचा होता. मास्तर पुढच्या धड्याला मोकळे, आपण खिडकीबाहेर बघायला मोकळे. मी असा ‘हो, हो’ म्हणत दहावीपर्यंत गेलो आणि तिथं गणितात आपटलो. पुढं संसारातही तेच धोरण ठेवलंय. आमच्या आवारातल्या भाड्याच्या खोल्यांत कंपनीत जाणारी पोरं राहतात. तीसुद्धा कानाला यंत्र लावून दिवसभर “येस, येस” करत असतात. म्हणजे हा आजार एकट्या आमच्या मुळशी तालुक्याचा नव्हे.

बाई आमच्या माध्यमिक शाळेत गणिताला आल्या त्या एका वर्षाच्या बोलीवर. वर्षअखेर संस्थेचे साहेब येऊन तास बघणार. पसंत पडलं तर बाई राहणार, नाहीतर नमस्कार. मी शाळा समितीत होतो. पात्रता विचाराल, तर शाळेला पाण्याचा कूलर दिला होता.

पहिल्याच पालकसभेत बाईंनी आपली पद्धत सांगितली. पोरांनी बेधडक ‘कळलं नाही’ म्हणायचं. मग त्या तेच दुसऱ्या तऱ्हेनं सांगणार. तरी नाही, तर तिसऱ्या तऱ्हेनं.

“समजलं का?” त्यांनी विचारलं.

आम्ही सगळे पालक एका सुरात, “होऽऽ!”

करंगळ्या कानांत गेल्या. त्यातली एक बाहेर आली ती थेट माझ्यावर रोखलेली.

“तुम्ही सांगा, काय समजलं?”

मी उठलो. “हेच की... पोरांनी व्हय म्हणायचं न्हाई.”

“का बरं?”

“त्ये... तुमी म्हणताय म्हणून.”

दाराशी उभी असलेली माझी नववीतली लेक एवढ्या जोरात खिदळली, की बाकीच्यांना हसायला परवानगीच मिळाली. कूलरवाला माणूस म्हणून जी काही इज्जत होती, ती तिथंच थंड झाली.

महिन्याभरात पद्धत घराघरांत शिरली. आमच्या हिनं लेकीला फर्मावलं, “भांडी घासून पालथी घाल. कळलं का?”

“न्हाई कळलं. दुसऱ्या तऱ्हेनं सांग.”

हिनं उलथनं उचललं. दुसरी तऱ्हा लेकीला लगेच कळली. मी मात्र मोहात पडून त्याच संध्याकाळी “दळण आणायचं मला कळलं न्हाई” असं म्हणून पाहिलं. माझ्यासाठी पहिल्यापासूनच तिसरी तऱ्हा राखून ठेवली होती, असं दिसलं.

आमचे चुलते तात्या मात्र पेटले. त्यांचा नातू त्यांना “न्हाई कळलं, आजा” असं तोंडावर म्हणाला होता. “पोरं उलटं बोलाया लागली! येऊंद्या तो साहेब. बाईचा इषयच मिटवतो.” तात्यांच्या शब्दाला गावात वजन. आता बाईंचं काही खरं नाही, असं मला वाटू लागलं.

त्याच सुमाराला नववीला क्षेत्रफळ चालू होतं. बाईंनी फळ्यावर सूत्र लिहिलं. “न्हाई!” वर्गातल्या फरशा मोजून दाखवल्या. “न्हाई!” मग पोरांना घेऊन त्या पटांगणात उतरल्या आणि टेप धरून पांढऱ्या फक्कीनं एक चौकोन आखला. पोरं आत जाऊन हात पसरून जागा अडवत उभी राहिली, खिदळत. बाहेर राहिलेल्यांना आतली ढकलत होती, “ए, हितं जागा न्हाई, फुडचा प्लॉट बघ!”

तात्या रस्त्यानं चालले होते. थबकले. “काय आखलंया?”

“गुंठा हाय, आजोबा,” माझी लेक ओरडली.

तात्या फाटकातून आत आले. काठी टेकत फक्कीवरून चारही बाजूंनी चालले. मग मधोमध उभे राहिले.

“येवडाच आसतो?”

“एवढाच,” बाई म्हणाल्या.

“मी लई गुंठे इकले की. मोजणीला कवा गेलोच न्हाई. घेणारे ‘तात्या, समजलं का’ म्हनले, मी व्हय म्हनलो.”

तात्यांनी काठी आपटली. “ही फक्की कुणी पुसायची न्हाई, सांगून ठिवतो!” तो तक्रारीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. उलट रोज शाळा सुटताना फाटकाशी येऊन, आज कोण कोण न्हाई म्हणालं, याची चौकशी करू लागले.

साहेब आले. बाईंचा तास बघायचा सोडून त्यांना स्वतःच शिकवायची हुक्की आली. मागच्या बाकावर मी, तात्या आणि मुख्याध्यापक दाटीनं बसलो होतो. साहेबांनी पुस्तकातलं गणित घेतलं. एका आयताकृती बागेत, कडेनं, आतल्या बाजूला रस्ता आहे. रस्त्याचं क्षेत्रफळ काढा. झरझर सोडवून ते वळले.

“समजलं का?”

“न्हाऽऽई!” अख्खा वर्ग, हसतमुखानं.

मुख्याध्यापकांनी माझा हात घट्ट धरला. बाई भिंतीला टेकून उभ्या. चेहरा फळ्यावरच्या खडूसारखा. साहेबांनी पुन्हा सोडवलं, हळू आवाजात.

“आता?”

“न्हाई! दुसऱ्या तऱ्हेनं सांगा, साहेब!”

“अरे, पण नेमकं काय कळत नाही?” साहेबांनी रुमाल काढला.

तात्यांचा नातू उठला. “साहेब, रस्ता बागंच्या आतनं का घेतलाय?”

“म्हणजे?”

“आपली जागा जातीया की. रस्ता शेजाऱ्याच्यातनं घ्यायचा.”

“बराबर हाय!” मागून तात्या गरजले. मीही मान डोलावली. समितीचा सदस्य म्हणून नव्हे, अनुभवानं.

साहेबांना असं काही हसू फुटलं की चष्मा काढून ते बाकावर बसले. उठले ते पोरांना घेऊन पटांगणात गेले, तात्यांच्या गुंठ्यात आतून रस्ता आखला, आणि शेजाऱ्यानं जागा दिली नाही तर आपली किती जाते, ते पोरांकडून काढून घेतलं. बूट, पँट, सगळं फक्कीनं पांढरं.

“आता समजलं का?”

“व्हऽऽय!”

त्या एका ‘व्हय’ला बाईंनी कानांत करंगळ्या घातल्या नाहीत.

बाई पसंत पडल्या. जरा जास्तच पडल्या. पुढच्या जूनच्या आधी संस्थेचा हुकूम आला: बाईंना कायम केलंय, पण पलीकडच्या तालुक्यातल्या शाळेत. तिथली पोरं फार ‘हो’ म्हणतात.

निरोपाला सगळा गाव पटांगणात. मुख्याध्यापकांनी घसा खाकरून सांगितलं, “बाई आजपासून आपल्या शाळेत नसतील. समजलं का?”

“न्हाऽऽई!”

बाई उठल्या. पद्धत त्यांचीच होती, सुटका नव्हती. हुकूम म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं. “न्हाई!” जमिनीवर फक्कीनं एक टिंब काढलं, लांब दुसरं, मधे रस्ता. “न्हाई!” मग त्यांनी खांद्याला पिशवी अडकवली. “बघा, मी अशी जाणार,” म्हणत फाटकापर्यंत चालत गेल्या. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

“आता तरी?” त्या वळून म्हणाल्या.

पोरांच्या आधी तात्या काठीवर जोर देऊन उठले. “न्हाई कळलं, बाई. परत या, आन परत सांगा.”

आणि मग सगळ्यांनी एका सुरात “न्हाऽऽई” म्हटलं. पोरं, बायका, मुख्याध्यापक, मीसुद्धा.

फाटकात उभ्या राहून बाईंनी दोन्ही कानांत करंगळ्या घातल्या. डोळे मिटलेले, खांदे वर चढलेले. हसत होत्या की काय, ते एवढ्या लांबून कळलं नाही.