दोन्ही बाजूंना हशा

टाचणीबाईंना हे नाव मीच ठेवलं होतं. अंगाने काडीसारख्या, केस घट्ट बांधलेले, आणि बोलल्या की टोचायचंच. आम्ही दोघं विधिमंडळात प्रतिवेदक होतो. सभागृहात सत्ताधारी आणि विरोधक यांच्या बरोबर मधे एक टेबल असतं. तिथे बसून, जो जे बोलेल ते लघुलिपीत जसंच्या तसं उतरवायचं, हे आमचं काम. दहा मिनिटं एकाची पाळी, मग दुसऱ्याची. उठायचं, खोलीत जायचं, टाइप करायचं, परत पाळीला यायचं. बाईंची एकोणतीस वर्षं त्या टेबलावर गेली. माझी एकवीस.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. धाकटी बहीण आणि त्या अशा दोघी दोन खोल्यांत राहायच्या. धाकटी सरकारी परिचारिका होती. अंथरुणाला खिळलेल्या रोग्यांच्या घरी जाऊन मलमपट्टी करायची, सुया टोचायची, रोग्याची कूस कशी बदलायची ते घरच्यांना शिकवायची. तिची एक जुनी स्कूटर होती आणि दिवसाला अकरा घरं होती. पेट्रोलचा भत्ता मिळायचा, पण तो ज्या वर्षी ठरला त्या वर्षी पेट्रोलचा दर आजच्या निम्म्याहूनही कमी होता. मी सांगतोय त्या वर्षी दर चौथ्यांदा वाढले आणि धाकटीने स्कूटर जिन्याखाली लावून टाकली. चालत निघाली. अकरा घरांची सहा झाली.

मी एकदा कसल्याशा कागदासाठी त्यांच्याकडे गेलो होतो. धाकटी बादलीत पाय सोडून बसली होती. टाचांना भेगा पडल्या होत्या, एका बोटाचं नख काळं झालं होतं.

"या, बसा," ती म्हणाली. "मी उठत नाही. माझे पाय सध्या रजेवर आहेत."

"रजा मंजूर कोणी केली?" बाई आतून ओरडल्या.

"ताई, तू गप्प बस. तू खुर्चीत बसून पगार घेतेस."

त्या दोघींचं असंच चालायचं. पण त्याच आठवड्यात धाकटीची थट्टा बंद झाली. टेकडीवरच्या वस्तीत एक म्हातारा सुतार होता. छपरावरून पडून कमरेखाली लुळा झालेला. पाठीला जखम होती, ती रोज धुवावी लागायची. टेकडी लांब, धाकटीला चार दिवस जमलं नाही. पाचव्या दिवशी पोचली तेव्हा दारातच वास आला. इस्पितळात नेलं, तिथे बरंच मांस कापून काढावं लागलं. सुताराची बायको धाकटीला एवढंच म्हणाली, "तुमची वाट बघत होतो हो आम्ही." शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं धाकटी बाईंना म्हणाली, आणि दोन दिवस जेवली नाही.

आणि त्याच आठवड्यात सभागृहात इंधन दरवाढीवर चर्चा लागली.

ही चर्चा आम्हाला पाठ होती. नऊ वर्षांपूर्वी बाकं उलटी होती. आजचे इंधनमंत्री तेव्हा विरोधात होते. पेट्रोलचा रिकामा डबा घेऊन सभागृहात आले होते आणि तो बडवत म्हणाले होते, सरकारने कर कमी केलाच पाहिजे. आजचे विरोधी पक्षनेते तेव्हा मंत्री होते आणि म्हणाले होते, जगाच्या बाजारापुढे कोणाचं काय चालतं, आणि कर कमी केला तर रस्ते कशातून बांधायचे? आता डबा या बाजूला गेला होता आणि जगाचा बाजार त्या बाजूला. एकाच माळेचे मणी, फक्त माळ फिरवलेली. बाई म्हणायच्या, "जुनं कामकाज काढा, नावं तेवढी बदला, छापा. आपल्याला सुट्टी."

जेवणानंतरची वेळ होती. निम्मी बाकं रिकामी, प्रेक्षकांची गॅलरी ओस. त्या काळी सभागृहात कॅमेरे नव्हते. वार्ताहरांच्या जागेवर एकच पोरगेलासा माणूस पेंगत बसला होता. बाईंची पाळी संपत आली होती, त्यांना सोडवायला मी टेबलाशी येऊन उभा होतो. मंत्री उत्तर देत होते. भविष्यात विजेवरच्या गाड्या येणार, आपलं परावलंबित्व संपणार, जनतेने जरा कळ काढावी, वगैरे. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "आज काय करायचं ते सांगा!"

मंत्री हसले. म्हणाले, "ज्यांना पेट्रोल परवडत नाही त्यांनी चालत जावं. चार पावलं चालल्यानं कोणी मरत नाही. उलट डॉक्टरचा खर्च वाचतो."

सभागृह खदखदून हसलं. आणि हे नीट ऐका, दोन्ही बाजू हसल्या. विरोधी पक्षनेते तर बाकावर हात आपटून हसले.

मी बाईंकडे पाहिलं. त्यांचा हात चालू होता. फक्त कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या. वाक्य पुरं केलं, पुढे कंसात लिहिलं, "दोन्ही बाजूंना हशा", आणि उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात ते वाक्य छापून आलं. पेंगणारा वार्ताहर पेंगत नव्हता तर. गावभर आग लागली. पंपावर लोक मंत्र्यांना शिव्या देऊ लागले. संध्याकाळी मंत्र्यांनी जाहीर केलं, "मी असं बोललोच नाही. सभागृहाचं कामकाज तपासा. खोटं छापणाऱ्याला मी सोडणार नाही."

म्हणजे सगळं येऊन ठेपलं ते बाईंच्या कागदावर.

आमच्याकडे रीत अशी, की भाषणाची प्रत ज्याची त्याला दाखवायची. आकडा चुकला असेल, शब्द निसटला असेल, तर त्याने दुरुस्त करायचा. अर्थ बदलायचा नाही. मंत्र्यांचा स्वीय सहायक प्रत घेऊन आला. लाल शाईने तीन ओळी खोडल्या होत्या. वर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: "ज्यांना पेट्रोल परवडत नाही त्यांच्या अडचणींची शासनास पूर्ण जाणीव आहे. जनतेच्या आरोग्याकडेही शासनाचे लक्ष आहे." कंसातला हशाही खोडला होता.

बाईंनी वाचलं. दोनदा वाचलं. "हे वाक्य ते खरंच बोलले असते तर मला तिथेच भोवळ आली असती," त्या म्हणाल्या आणि प्रत परत केली.

तासाभराने आमच्या मुख्य प्रतिवेदकांनी त्यांना बोलावलं. मलाही बोलावलं. साहेब वाईट नव्हते. पण निवृत्तीला आलेला माणूस वाऱ्यालाही घाबरतो.

"बाई, दुरुस्तीवर सही करा आणि मोकळ्या व्हा."

"साहेब, ही दुरुस्ती नाही. हे दुसऱ्याच माणसाचं भाषण आहे."

"ऐकण्यात चूक होऊ शकते. गोंगाट होता."

"एकोणतीस वर्षं गोंगाटच ऐकतेय. आजवर एक तक्रार दाखवा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही तिथेच उभे होतात. तुम्ही काय ऐकलंत?"

आता माझं सांगतो, कारण ते झाकून हे सांगण्यात अर्थ नाही. माझी पदोन्नती व्हायची होती. मुलीचं लग्न ठरत होतं. मी म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं, साहेब. मी पेन्सिल तासत होतो."

बाईंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. बाहेर आल्यावर जिन्यात थांबल्या.

"लक्ष नव्हतं तुमचं?"

मी खिशातली पेन्सिल चाचपली.

"मग पगार कशाचा घेता हो?" एवढं म्हणून खाली उतरल्या. त्यानंतर कित्येक दिवस माझ्याशी शब्द नाही.

बाईंनी नस्तीवर, म्हणजे त्या प्रकरणाच्या फायलीवर, टिपण लिहिलं: 'जे ऐकले ते लिहिले. सुचविलेल्या बदलाने अर्थ बदलतो. सही करणार नाही.' खाली तारीख, वेळ.

बाईंनी सही नाकारल्याची बातमी फुटलीच. दुपारी विरोधी पक्षनेते चार आमदारांना घेऊन आमच्या खोलीत आले. एवढी वर्षं त्यांना ती खोली कुठे आहे हे ठाऊक नव्हतं. हात जोडून उभे राहिले.

"बाई, तुम्ही सभागृहाची अब्रू राखलीत. ती मूळ वही आम्हाला दाखवा. आम्ही हे सरकार हलवून सोडतो."

"वही सभागृहाची आहे. माझी असती तरी दिली नसती."

"अहो, पण आम्ही गरिबांच्या बाजूने..."

"वही देता येत नाही, पण तुमच्या माहितीसाठी सांगते," बाई म्हणाल्या. "त्या वाक्यापुढे लिहिलंय, दोन्ही बाजूंना हशा. तुम्ही बाकावर हात मारलात. मी मोजले, तीनदा."

मागचे आमदार छताकडे बघू लागले. नेते घसा खाकरून म्हणाले, "ते आम्ही उपरोधाने हसलो."

"उपरोधाच्या हशाला आमच्या लिपीत वेगळी खूण नाही, साहेब. हसलं की हसलं."

नेते आले तसे गेले. आणि त्या संध्याकाळी जी गोष्ट नऊ वर्षांत कधी झाली नव्हती ती झाली. दोन्ही बाजू एकाच खोलीत बसल्या आणि अर्ध्या तासात एकमत झालं. पेट्रोलचा दर एक पैशाने उतरवायला यांचं एकमत होत नाही. स्वतःचं हसू पुसायला मात्र अर्धा तास पुरला.

सकाळी अध्यक्षांनी निर्णय दिला: मंत्रिमहोदयांच्या तोंडून ओघात निघालेले उद्गार आणि त्यापुढील नोंद कामकाजातून काढून टाकण्यात येत आहे. कोणाची हरकत? कोणाचीच नव्हती. दोन्हीकडची बाकं दणादण वाजली. टेबलावर पाळी नेमकी बाईंची होती. त्यांनी अध्यक्षांचा निर्णय शब्दन् शब्द उतरवला आणि बाकं वाजल्याचंही लिहिलं.

पाळी संपवून त्या बाहेर आल्या तेव्हा मी मागेच होतो. दालनात मंत्री माणसांच्या गराड्यात उभे होते. बाईंना पाहून मोठ्या मनाने म्हणाले, "काय बाई, मिटलं ना सगळं? आता राग सोडा."

बाई थांबल्या. "साहेब, तुम्ही तर ते बोललाच नव्हता. मग काढून काय टाकलं?"

मंत्र्यांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण त्याला आता काही आधार नव्हता.

"तुम्ही कोणाच्या सांगण्यावरून हे करता? कोणत्या पक्षाच्या तुम्ही?"

"एकोणतीस वर्षं तुम्हा दोघांच्या मधे बसले, आणि हे मला विचारता?" बाईंचा आवाज चढला. मी तो चढलेला कधीच ऐकला नव्हता. "माझी बहीण चालते, साहेब. तुम्ही सांगायच्या आधीपासून चालते. ती चालते म्हणून एक माणूस पाठ सडून इस्पितळात पडलाय. त्याला सांगा, चार पावलं चाल, डॉक्टरचा खर्च वाचेल. आणि तुमची गाडी खाली इंजिन चालू ठेवून उभी आहे तासाभरापासून, का तर तुम्ही आत बसाल तेव्हा गार हवा लागावी. तिचं पेट्रोल कोण भरतंय? ती भरतेय. चालत जाऊन भरतेय!"

शिपायाने पुढे येऊन हलकेच म्हटलं, "बाई, चला." बाई चालू लागल्या.

शिस्तभंगाची नोटीस दुसऱ्याच दिवशी आली. बाईंची बदली तळघरातल्या अभिलेख शाखेत झाली. तिथे जुने खंड, धूळ आणि एक मिणमिणता दिवा. निवृत्तीपर्यंतची उरलेली दोन वर्षं त्यांना तिथेच काढायची होती. पण एक झालं. वर्तमानपत्राने अध्यक्षांचा निर्णय तेवढा छापला, उद्गार काढून टाकले म्हणून. ते कोणते, हे लिहायला आता बंदी होती. लिहायची गरजही नव्हती. न बोललेलं काढून कसं टाकणार, हे चहाच्या टपरीवरच्या माणसालाही कळत होतं. त्या वार्ताहराची नोकरी वाचली. मंत्र्यांचंही काही बिघडलं नाही. सहा महिन्यांनी त्यांना याहून मोठं खातं मिळालं.

मी तळघरात गेलो तो तीन आठवड्यांनी. बाई स्टुलावर उभ्या राहून खंड लावत होत्या. मी म्हणालो, "बाई, चुकलं माझं. मला माफ करा."

"तोंडी माफी कामकाजात येत नाही," त्या न वळता म्हणाल्या.

मी घरी आलो. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पोरीचं लग्न काय तुझ्या पदोन्नतीशी लावायचंय? लिही की." मग मी लिहून दिलं: त्या दिवशी मी टेबलाशी उभा होतो, माझं लक्ष होतं, पेन्सिल तासत नव्हतो, मी ते वाक्य ऐकलं आणि दोन्ही बाजूंचा हशाही ऐकला. साहेबांच्या टेबलावर ठेवलं, आवक शिक्का मारून घेतला, आणि एक प्रत तळघरात नेऊन दिली. बाईंनी ती वाचली. एक अशुद्ध शब्द होता, तो पेन्सिलीने दुरुस्त केला आणि कागद नस्तीत लावला. म्हणाल्या, "उशीर केलात." बस. माझी पदोन्नती गेली. मला त्याचा राग नाही, राग आहे तो त्या तीन आठवड्यांचा.

सुतार दोन महिन्यांनी घरी परतला. मंत्र्यांचं खातं बदललं त्याच सुमारास धाकटी आणि तिच्या बरोबरच्या चाळीस परिचारिकांनी आरोग्य कचेरीच्या दारात स्कूटरी आडव्या लावल्या आणि चार दिवस हलल्या नाहीत, तेव्हा कुठे भत्ता वाढला. ती पुन्हा टेकडीवर स्कूटरने जाऊ लागली. पंधरा दिवसांनी दर पाचव्यांदा वाढले. त्यावर पुन्हा चर्चा लागली. नवे इंधनमंत्री उठून म्हणाले, जनतेने जरा कळ काढावी. पाळी माझी होती. मी लिहून घेतलं.