शंभर मोजेपर्यंत दगडूभाऊ

जुन्या भिंतीवर जड काही लावायचं असेल तर आमच्या कल्याणात लोक आधी स्वतः ड्रिल चालवतात, मग पस्तावतात आणि मग आंबिवलीच्या दगडूभाऊंना फोन करतात. पहिल्या दोन पायऱ्या मी कधीच सोडून दिल्या. आमच्या सत्तर वर्षांच्या इमारतीतले गीझर, कपाटं, भांड्यांनी भरलेल्या स्टीलच्या मांडण्या, सगळं त्यांनीच लावलंय आणि आजवर एक चमचाही खाली आलेला नाही.

दगडूभाऊ साठीला टेकलेले, आडव्या बांध्याचे, बोलायला फटकळ. मूळचे गवंडी. बोटाच्या पेरानं भिंत ठोकून बघतात, भोक पाडताना खाली कागद धरतात आणि भुगा तपासतात. लाल आला तर वीट, पांढरा आला तर नुसता चुन्याचा गिलावा. गिलाव्याच्या भरवशावर हा माणूस रुमालसुद्धा टांगणार नाही. काम झालं की लोखंडी आधाराला धरून स्वतः पाय उचलतात आणि शंभर मोजेपर्यंत लोंबकळतात. ऐंशी किलोंचं ते धूड बघायला आमचा अख्खा मजला गोळा होतो.

म्हणूनच शेजारच्या आनंदरावांसाठी मी छातीठोकपणे त्यांचं नाव सुचवलं. आनंदराव निवृत्त ड्राफ्ट्समन. चार महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. हात सावरला, डावा पाय अजून नाही. आता धरून उभं राहायला हरकत नाही, पलंगाशेजारच्या भिंतीला दांडी लावून घ्या, असं डॉक्टर म्हणाले. पण पडलात तर पुन्हा उठणं कठीण, हेही त्यांनी सांगून ठेवलं. त्या भिंतीवर कॅलेंडर वाकडं लटकत होतं. आयुष्यभर सरळ रेघा मारलेल्या माणसाला पडल्या पडल्या तेच दिसायचं. पण सरोजताई ते सरळ करायला गेल्या की ओरडायचे, "हात लावू नकोस. मी उभा राहीन तेव्हा मीच करीन."

दगडूभाऊ आले, भिंत ठोकली. "खणखणीत आहे, टेन्शन नका घेऊ." चार भोकं, चार गिट्ट्या, चार स्क्रू. मग लोंबकळले, शंभर मोजले. आनंदराव लगेच पलंगाच्या कडेला सरकले. सरोजताईंनी चहा आणला. चहा पिता पिता दगडूभाऊंनी कागदावरचा भुगा बोटानं चाळला आणि कप खाली ठेवला. चौथ्या भोकाचा भुगा काळा होता.

"थांबा काका, धरू नका."

"का? तुम्ही आत्ताच लोंबकळलात ना?"

"तीन स्क्रूंवर लोंबकळलो. चौथा फुसका आहे. ही दिव्याची काजळी आहे, इथे कोनाडा होता. गणपती चार दिवसांवर आलेले, तुमच्या आईंना मखरामागे सपाट भिंत पाहिजे होती. मीच विटांचे तुकडे न् माती कोंबली आणि वरून सिमेंटचा जाड थर मारला. वीस वर्षं झाली, पार विसरून गेलेलो."

माझं तोंड पडलं. खरं सांगतो, मनात आलं, तीन घट्ट आहेत ना, मग बोलायचं कशाला?

आनंदराव भडकले. "घोळ तुम्ही घातलात आणि वाट मी बघायची?"

"हो," दगडूभाऊ म्हणाले. "चूक माझी आहे. पण मी एकदाच लोंबकळलो, तुम्ही रोज धरणार. दहा दिवस द्या."

त्यांनी कोनाडा उकरला, अख्ख्या विटा सिमेंटमध्ये बसवून भरला. सरोजताई "मी मारते पाणी" म्हणत होत्या, तरी दगडूभाऊ रोज सकाळी आंबिवलीहून येऊन स्वतः भिंतीवर पाणी मारत. ते आले की आनंदराव कूस बदलून पडायचे. दगडूभाऊ जाताना तरीही "येतो काका" म्हणायचे.

अकराव्या दिवशी नवी भोकं पाडली. चौथ्याचा लाल भुगा दगडूभाऊंनी कागदासकट आनंदरावांच्या नाकासमोर धरला. मग लोंबकळले. शंभर झाले तरी उतरेनात. दोनशेला उतरले आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले. सरोजताई आनंदरावांना सावरायला पुढे झाल्या तर म्हणाले, "ताई, आधार लागणार नाही."

आनंदरावांनी दोन्ही हातांनी दांडी धरली. कपाळावर घाम आला, पण ते उठले. दांडी हलली नाही. थोडा दम घेऊन त्यांनी एक हात सोडला आणि कॅलेंडर सरळ केलं. एक डोळा मिटून पाहिलं आणि पुन्हा गव्हाभर सरकवलं. सरोजताई मोठ्यानं रडू लागल्या. माझेही डोळे भरून आले, लपवायचं कशाला.

"बसा आता," दगडूभाऊ म्हणाले.

"बसू कसा? माझे शंभर कुठे झालेत?" आनंदरावांनी पुन्हा दोन्ही हातांनी दांडी धरली आणि मोजायला लागले. दगडूभाऊही त्यांच्याबरोबर मोजू लागले, मग आम्ही सगळेच. त्या दिवशी ते एक्केचाळीसपर्यंत पोचले.