आतल्या बाजूचं मार्जिन

राग आला की ती बोलायची नाही. पट्टी काढायची.

स्टीलची, फूटभर लांब. पर्समध्ये मावत नसे, म्हणून एक टोक कायम बाहेर. ती पट्टी काँप्युटरच्या पडद्यावर उभी धरून, एक डोळा बारीक करून ती म्हणायची, "मी कुठे काय म्हटलं? मार्जिन म्हणेल." अबोल माणसं तुम्हीही पाहिली असतील. बहुतेक जण अपमान गिळून टाकतात. ही गिळत नसे. ही पान लावत असे.

सांवेर रोडवरच्या आमच्या प्रेसमध्ये तिचं कामच ते. पान केवढं, चारी बाजूंना कोरी जागा किती, फोटो किती टक्के मोठा, सगळं ती ठरवायची. गिऱ्हाइकं आणि बाइंडिंग माझ्याकडे. महूहून रोज बसनं यायची. वडील फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले, आजोबाही फौजेत. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. तिला ते आवडणार नाही, आणि तिला न आवडणाऱ्या गोष्टी करणाऱ्यांचं काय होतं ते मी पाहिलंय.

एका संस्थेचे खजिनदार तिला "ओ टायपिंगवाली" म्हणाले. त्यांच्या स्मरणिकेत कार्यकारिणीचे फोटो एका ओळीत आले. बाकी सगळे शंभर टक्के, हे एकटे ब्याण्णव. खजिनदार स्मरणिका घेऊन पुन्हा पुन्हा येत राहिले.

"कुछ तो गडबड है, मॅडमजी. मी बारका दिसतोय."

"उन्हाळा होता ना," ती म्हणाली, "उतरला असाल."

मालकांनी बुद्धपौर्णिमेची सुट्टी नाकारली. त्यांचा वाढदिवस एक तारखेचा, आणि पुढच्या वर्षी ती तारीख शनिवारी, म्हणजे वरच्या ओळीत एकटीच. प्रेसच्या कॅलेंडरमध्ये त्या महिन्याचं पान जरासं वर सरकलं आणि एक तारीख कॅलेंडरच्या माथ्यावरच्या पत्र्याच्या पट्टीखाली गेली. मालक तो महिनाभर नखानं पत्रा उचलून बघत होते.

मीही सुटले नाही. एकदा तिच्या डब्यातल्या भाजीला फिकी म्हणाले होते. पुढे माझी मुलगी नोकरीला पुण्याला निघाली तेव्हा मी चार पाककृती लिहून हिच्याकडे दिल्या, छान लावून दे म्हटलं. दिल्यान्. स्पायरलची भोकं प्रत्येक मापातून आरपार गेली. मुलीचा फोन: "आई, मीठ किती? तिथे भोक आहे." त्यानंतर मी तिच्या डब्याबद्दल चांगलंच बोलत आले.

हे सगळं गमतीतलं. मग सचिवसाहेब आले.

सुदामा नगरातल्या एका मंडळाचे सचिव. मोठ्या नोकरीतून नुकतेच मोकळे झालेले, आवाज अजून केबिनमधला. पुस्तक होतं महूतल्या फौजी घरांच्या आठवणींचं, छापणार मंडळ. टाइप करवूनच आणलं होतं. मुखपृष्ठावर पुस्तकाचं आणि मंडळाचं नाव, आत पहिल्या पानावर लेखक म्हणून साहेबांचं नाव, मग साहेबांचा फोटो, मग साहेबांचं लांबलचक मनोगत, आणि त्यानंतर मजकूर. तिनं मजकुराचं पहिलं पान उघडलं आणि तिचा हात माउसवरच थांबला.

पहिलं वाक्य तिच्या वडिलांच्या पूर्ण नावानं सुरू होत होतं. फौजी माणूस. आधी नाव, हुद्दा, मग बाकीचं. ते सगळं त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं आणि "छापून आणतो, काका" म्हणून साहेब कागद घेऊन गेले होते. ही त्यांची मुलगी, हे साहेबांना माहीत नव्हतं. लग्नानंतर आडनाव बदललेलं. आणि पहिल्या वाक्यात कुणाचं नाव आहे हेही माहीत नसावं. मनोगतापलीकडे त्यांनी काही वाचलंच नव्हतं.

तिनं एकदाच विचारलं, उभं राहून.

"साहेब, लिहिलंय तर यांनी. लेखक म्हणून यांचं नाव नको?"

"अरे बेटा, त्यांनी कच्चा माल दिला. पुस्तक बनवावं लागतं. तुम्ही टायपिंगवाले लोक, तुम्हाला काय समजणार? मनोगतात आभार मानलेत ना त्यांचे. मंडपवाल्याच्या नंतर."

"हां जी," ती म्हणाली, आणि पट्टी काढली.

मी तिला मागच्या खोलीत ओढलं. "भांड की! मी बोलते मालकांशी."

"भांडले तर हा काम उचलून घेऊन जाईल. मग छापणार कोण? बाबांचे दोन्ही डोळे जाताहेत, ताई. डॉक्टर म्हणाले, वाचायचं ते या सालात वाचून घ्या. त्यांना पुस्तक हातात पाहिजे."

"मग सोडून देणार?"

"मी कुठे तसं म्हटलं?"

तिनं साहेबांना जे मागितलं तेच दिलं, हे लक्षात ठेवा. साहेब म्हणाले, मनोगत मोठ्या अक्षरात पाहिजे, पण त्याची पानं वाढवायची नाहीत. अक्षर मोठं झालं की जागा लागते. ती जागा तिनं आतल्या बाजूनं घेतली, जिकडे पानं पुस्तकाच्या पाठीला चिकटतात तिथून. मग साहेब म्हणाले, प्रूफ बारीक दिसतंय, बडं करून दाखवा. तिनं पानं फुगवून मोठ्या कागदावर काढली. पान फुगलं की कोरी जागाही फुगते. शिवाय प्रूफ म्हणजे सुटी पानं. सुट्या पानाला पाठ नसते. साहेबांना सगळीकडे ऐसपैस दिसलं.

"मजा आ गया, बेटा!" म्हणत त्यांनी प्रत्येक पानावर लफ्फेदार सही ठोकली.

वडिलांच्या मजकुराची मापं तिनं वेगळी लावली. आत भरपूर जागा, बाहेर त्याहून जास्त. मालक ओरडले, "कागद फुकटात येतो काय?"

"मोठ्या अंगठ्याची माणसं वाचणार आहेत," ती म्हणाली. मला नंतर सांगितलं, "बाबा पुस्तक रायफल धरल्यासारखं धरतात. अंगठ्याखाली अक्षर आलं की चिडतात."

बाइंडिंगच्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. मजकुराचे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, मी दोऱ्यानं शिवून घेतले, आणि साहेबांची पुढची पानं नुसत्या गोंदानं लावली. तशी लावतातही; कुणी बोट ठेवलं नसतं. मला त्याचं तेव्हा वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

ती आता प्रेसमध्ये नाही. मुलीकडे नागपूरला गेली. तिच्या खुर्चीवर नवी मुलगी बसते. काँप्युटर जे मार्जिन देतो तेच ठेवते, सगळ्यांना सारखं. काम झटपट होतं. गिऱ्हाइकं माजलीत.

महूत मी ज्या ज्या घरी ते पुस्तक पाहिलं, तिथे पुढची पानं जागेवर नव्हती. पण ती गळायला सुरुवात झाली प्रकाशनाच्या दिवशीच, आणि तेव्हा मी तिथे होते.

महूतलाच एक हॉल. बुद्धवंदना झाली, हार झाले. पहिल्या रांगेत ती आणि तिचे वडील. ब्लेझर, छातीवर पदकं. साहेबांनी त्यांना "आमचे एक ज्येष्ठ सहकारी" म्हणून एक फूल दिलं. ती टाळ्या वाजवत होती. मग पाहुणे म्हणाले, "सचिवजी, मनोगत तुमच्याच आवाजात होऊन जाऊ द्या."

साहेबांनी माइक ओढला. "हे पुस्तक म्हणजे माझ्या..." पुढचा शब्द पाठीत गेला होता. त्यांनी पुस्तक जरा दाबलं. "माझ्या अनेक वर्षांच्या..." पुन्हा पाठीत. त्यांनी पुस्तक टेबलावर उलटं घालून दोन्ही तळहातांनी जोर लावला.

कड्ड.

त्यांनी पुस्तक उचललं, तसा फोटो आधी निघाला. मग लेखक म्हणून नाव असलेलं पान. मग मनोगत, एकेक, पंख्याच्या वाऱ्यावर स्टेजभर. पाहुण्यांचा बूट साहेबांच्या फोटोवर पडला. मागे कुणीतरी फिसकन हसलं. "उडला रे भिया!"

साहेबांनी मला गर्दीतून शोधून काढलं. "मॅडमजी, ये क्या है?"

उत्तर पहिल्या रांगेतून आलं, अगदी अदबीनं. "साहेब, प्रत्येक पानावर तुमची सही आहे."

"काय पडलं गं?" वडिलांनी विचारलं. त्यांना तेवढं लांबचं दिसत नव्हतं.

"काही नाही, बाबा. वाचा तुम्ही."

त्यांच्या हातातल्या प्रतीची पुढची पानं तिनं घरूनच काढून आणली होती. त्यांनी पुस्तक उघडलं, डोळ्यांशी नेलं आणि पहिली ओळ वाचली. स्वतःचं नाव, हुद्दा. परेडवर हाक मारतात तशा आवाजात. माइक साहेबांच्या हातात होता, पण हॉलमध्ये ऐकू आलं ते हेच.

ती वडिलांच्या तोंडाकडे बघत नव्हती. त्यांच्या अंगठ्याकडे बघत होती. अंगठा कोऱ्या जागेत होता, घट्ट. त्याखाली एकही अक्षर नव्हतं.

तिनं पट्टी पर्समध्ये आत सरकवली, जाईल तेवढी.