खळ्यावरचा केर

तिरुवैयारूच्या पुढे, सायकलने तासाभरावर असलेल्या एका गावात मी दोन वर्षं ग्रामसेवक होतो. वय तेवीस, ब्लॉकच्या विकास कचेरीची नवी नोकरी. तंजावूरला वडील भेटेल त्याला सांगायचे की मुलगा सरकारात लागला. मुलगा काय करतो, हे ते सांगत नसत.

गावाचं भाताचं खळं सामाईक होतं, कालव्याच्या काठाला. पोंगल झाला की महिनाभर साऱ्या गावाची मळणी तिथे चाले. मग त्याच जागेच्या एका कोपऱ्यात वर्षभर ढीग वाढत राही. कुजका पेंढा, पोचट भात, शेण, काथ्याच्या दोरांचे तुकडे, करवंट्या, फुटकी मडकी, बैलांच्या पायांतून निघालेले नाल आणि खिळे. ब्लॉकमधून हुकूम आला की हा ढीग निवडायचा, कुजेल त्याचं कंपोस्ट करायचं आणि उरलेलं कामाला लावायचं.

मी तीन खड्डे खणून घेतले. पत्र्याच्या पाट्यांवर चित्रं काढून प्रत्येक खड्ड्याशी एकेक रोवली. पंधरा दिवस कोणी फिरकलं नाही. पंचायतीचे अध्यक्ष गावातले मोठे मिरासदार होते. ते छत्री धरून खळ्यावरून जाताना थांबले. तिकडे आम्हा मराठ्यांना सगळे 'राव'च म्हणत.

"काय राव, कचऱ्यालाही आता जाती लावताय?"

बरोबरचे लोक हसले. मीही हसलो.

कामाला आली ती चेरीतली एक बाई. गावाबाहेरच्या मजुरांच्या वस्तीला तिथे चेरी म्हणतात. बाई पन्नाशीची, विधवा. मालकांनी भात घरी नेलं की खळ्यावरचा केर चेरीतल्या बायकांचा, अशी जुनी वहिवाट होती. त्या खळं झाडत, माती चाळत, पाखडत आणि मातीतून दाणे काढत. तेवढ्यावर तिच्या घरची दोन महिन्यांची पेज निघायची.

माझे खड्डे तिने वाकून पाहिले.

"अय्या, हे उलटं झालंय. पोचट भात शेणात घालू नका, लवकर कुजत नाही. जाळून राख वेगळी ठेवा. आणि खिळे सगळ्यांत आधी काढा. खत पसरायला आम्हीच जातो, अनवाणी."

"पाट्यांवर चित्रं आहेत की," मी म्हणालो.

"ती तुमच्यासाठी ठीक आहेत. आम्हाला वासावरून कळतं."

ती आणखी चार बायका घेऊन आली. मी प्रशिक्षणात शिकलो त्याहून जास्त त्या आठवड्यात शिकलो. कुठला थर किती ओला ठेवायचा, खत कधी उलथायचं, दोरांचे तुकडे उसवून पुन्हा कसे वळायचे. नाल लोहाराकडे गेले. राख गावातल्या बायका भांड्यांसाठी नेऊ लागल्या. चेरीच्या परसात भोपळे लावतात, तिथे थोडं खत द्यायचं मी कबूल केलं होतं.

एकदा तिने विचारलं, "केर आमचाच राहील ना? कुठे लिहून ठेवाल का?"

मला हसू आलं. "तुमची धूळ कोण नेणार आहे, अम्मा?"

दुसऱ्या वर्षी खड्डा उघडला. खत काळं, भुसभुशीत, घाणीचा लवलेश नाही. मिरासदारांनी मूठभर उचललं, चुरगाळलं, हुंगलं आणि माझ्याकडे नव्याने पाहिलं. ब्लॉकचे साहेब जीपने आले. हार झाले, फोटो झाला. फोटोच्या आधी कोणीतरी त्या पाच जणींना माडांच्या मागे जायला सांगितलं. मी ऐकलं आणि कॅमेऱ्याकडे पाहत राहिलो.

पुढच्या पंचायतीत अध्यक्षांनी माझाच अहवाल वाचून दाखवला. मी इंग्रजीत लिहिलं होतं की खळ्यावरचा कचरा आता गावाची संपत्ती झाला आहे. ते वाक्य मला फार आवडलं होतं. अध्यक्षांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "संपत्ती आहे तर तिचा लिलाव व्हायला हवा. खत, राख, लोखंड, केर, सगळं एकत्र."

मी उठून बोलायला हवं होतं. माझ्यासमोर कॉफीचा पेला होता. मी तो उचलला. मक्ता अध्यक्षांच्या मेहुण्याकडे गेला.

त्या वर्षी मळणी संपली तेव्हा खळ्याभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं. बायका झाडू, चाळण्या, सुपं घेऊन आल्या. राखणदाराने त्यांना बाहेरच अडवलं. मी सायकलवरून उतरत होतो.

"अय्या, तुम्ही सांगा याला."

"मी ब्लॉकला लिहितो," मी म्हणालो.

"ब्लॉकला दाणे माहीत आहेत का? आजच झाडावं लागतं. उद्या पाखरं नेतील."

"लिहितो म्हटलं ना."

तिने सूप खाली ठेवलं. "कचरा होता तोवर कोणी विचारलं नाही," ती म्हणाली. ती हे मला सांगत नव्हती, बरोबरच्या बाईला सांगत होती. मग त्या परत गेल्या.

मी लिहिलं. उत्तर आलं की ठराव नियमानुसार आहे. मक्तेदाराने त्याच बायकांना निवडण्याच्या मजुरीवर बोलावलं. एकही गेली नाही. त्याच्या गड्यांनी सगळं एकाच खड्ड्यात लोटलं, आणि त्या खतातल्या खिळ्यांनी पेरणीच्या वेळी दोघांचे पाय फाडले. दोघेही चेरीतले होते. पाट्या कोणाच्या तरी गोठ्याच्या छपराला लागल्या.

मला बढती मिळाली. बढतीच्या कागदावर या खळ्याचा उल्लेख होता.

गाव सोडलं त्या दिवशी बसच्या थांब्यावर ती दिसली. चेरीतले सात-आठ जण दूरच्या गावी कापणीला निघाले होते. झाडाखाली जमिनीवर बसले होते. मी ट्रंक घेऊन उभा राहिलो. विचारलं, "बरं आहे ना, अम्मा?"

"बरं आहे."

शेजारच्या म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहून तिला विचारलं, हा कोण. "खताचे अय्या," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. मग तिने आपलं गाठोडं ओढून घेतलं आणि माझ्या ट्रंकेला सावलीत जागा करून दिली.