चौकट जरा लांब घेऊ का?

२६ एप्रिल. पहाटे पाचला परसातली चूल पेटवली आणि मोठं पातेलं चढवलं. बिबड्यांसाठी आज आमच्या घराची पाळी होती.

भडगावजवळच्या आमच्या गावात ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे उन्हाळी पापड, कोणी एकटीनं करत नाही. आमच्या गल्लीतली घरं पाळी ठरवून घेतात. ज्या घराची पाळी, तिथं सहाला सगळ्या बायका थापायला हजर. तोवर घरच्या बाईनं घाटा शिजवून ठेवायचा. उकळत्या पाण्यात लसूण, मिरची, तीळ आणि भिजवून, वाळवून दळलेलं ज्वारीचं पीठ पडलं, की ढवळणं एक क्षणही थांबवायचं नाही. आई सत्तरी ओलांडलेली, म्हणून यंदा ढवळायचा लाकडी चाटू माझ्या हातात होता. ती पुढे अंगणात, ज्यांच्यावर बिबड्या थापतात ती धोतराची कापडं भिजवत होती.

मी पुण्यात दीर्घिकांवर काम करते. धुळ्याच्या कॉलेजात बीएस्सी करून पुढे गेले, त्याला आता तीस वर्षं होत आली. नेमकं काय करते हे गावात फारसं कोणी विचारत नाही. विचारलंच, तर आई सांगते, "ती आभायना फोटो तपासस." मला याहून नेमकं सांगता आलेलं नाही.

साडेपाचला फोन वाजला. माझ्या विद्यार्थिनीचा संदेश होता. एका दीर्घिकेवरचा आमचा लेख आधीच स्वीकारला गेला होता, आठवड्यात छापला जाणार होता आणि त्याच्या जोरावर तिची परदेशातल्या एका संस्थेत निवड झाली होती. पुढच्या महिन्यात निघायचं होतं. तिनं लिहिलं होतं, "मॅडम, चौकट लांब घेऊन पुन्हा मोजलं. बाहेर उजेड शिल्लक राहतोय."

हे थोडं सांगायला हवं. रात्रीचं आकाश कधी पूर्ण काळं नसतं, त्याचा स्वतःचा मंद उजेड असतो. दीर्घिकेचा उजेड मोजायचा तर तो आधी वजा करावा लागतो. त्यासाठी शेजारच्या रिकाम्या आकाशावर एक चौकट आखतात आणि तिथला उजेड धरतात. चौकट फार जवळ घेतली, तर दीर्घिकेच्या कडेचा विरळ उजेडही आकाश समजून वजा होतो. आमचं तेच झालं होतं. या दीर्घिकेभोवती काही नाही, तिनं शेजारची लहान दीर्घिका कधी गिळलेली नाही, असं आम्ही लिहिलं होतं. कडेचा तो विरळ उजेड हाच गिळल्याचा पुरावा होता आणि आम्हीच तो पुसला होता.

आणि मला आठवलं. वर्षापूर्वी ती माझ्या टेबलाशी उभी राहून म्हणाली होती, "मॅडम, चौकट जरा लांब घेऊ का?" मी मीटिंगला निघाले होते. "लांब घेतलीस तर मध्ये तारे येतात. राहू दे," म्हणाले होते.

मी संदेश तिसऱ्यांदा वाचत होते तेव्हा करपल्याचा वास आला.

बायका तेवढ्यात आल्याच. शेजारच्या अक्का पातेल्यात डोकावल्या. "काय वं बाई, आभायमानं बठ्ठं दिखस तुले, चुलावरनं दिखनं नही का?"

सगळ्या हसल्या. आई हात पुसत आली, बोटावर घाटा घेऊन चाखला आणि म्हणाली, "तिले नका बोलू. मीच सांगं व्हतं जाळ वाढाव म्हनीसन."

तिनं काहीच सांगितलेलं नव्हतं. ती तर पुढच्या अंगणात होती.

"वरनं काढी ल्या, वरनं चांगलं शे," कोणीतरी म्हणालं.

"वास बठ्ठामा उतरस," आई म्हणाली. " ढोरेसले टाका. सकाय अक्काना घरनं करी टाकू." उद्याची पाळी अक्कांची, आमची आता सगळ्यांच्या मागे गेली. वर्षभराच्या बिबड्यांचं पीठ गोठ्यात गेलं, आणि आईनं ते बायकांसमोर स्वतःवर घेतलं.

बायका गेल्यावर तिनं विचारलं, "कोन व्हतं फोनवर?"

"मनी विद्यार्थिनी."

"तिनी काही चूक व्हयनी का?"

"नही. चूक मनी शे. पन नोकरी तिनी जाई."

आई पातेल्यात पाणी ओतत म्हणाली, "मंग तिले आते फोन लाव. पोर जेवाव नही आज."

मी लावला. पहिल्याच घंटीला तिनं उचलला. आवाज बसलेला होता. "मॅडम, मी आधीच जोर धरायला हवा होता."

"तू विचारलं होतंस. मी नाही म्हणाले. ते मला आठवतंय, तूही विसरू नकोस. नाश्ता कर आणि बस. पुन्हा सगळं मोजायचंय."

दिवसभर ती पुण्यात आणि मी आईच्या स्वयंपाकघरात, असं काम केलं. चौकट तीन वेगवेगळ्या जागी घेतली. प्रत्येक वेळी कडेला तो फिकट उजेड राहिला, एका बाजूला शेपटीसारखा ओढलेला. चारच्या सुमाराला ती हळूच म्हणाली, "सुंदर आहे ना, मॅडम?" होता. तो उजेड आईला पडद्यावर दाखवला. तिनं चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि "हाई पुसी टाकं व्हतं तुम्ही?" एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून दोन पत्रं लिहिली. संपादकांना कळवलं, की लेख थांबवा, निष्कर्ष चुकीचा आहे. तिची निवड केलेल्या संस्थेला लिहिलं, की चौकट मी ठरवली होती, तिनं तेव्हाच शंका घेतली होती आणि चूकही तिनंच पकडली. अशी माणसं फार मिळत नाहीत. आईसारखं खोटं बोलायची मला गरज नव्हती, सगळं खरंच तसं होतं. संस्थेचा निर्णय काय होईल ते माहीत नव्हतं. पत्रं गेल्याची खात्री केली आणि अक्कांकडे गेले. त्यांनी मला चुलीच्या आसपासही येऊ दिलं नाही. मी दहापर्यंत अंगणात बसून बिबड्या थापल्या.