बिसाहिन भौजीची बासी

गावातल्या एकशे चाळीस माणसांचं रक्त मी काढलेलं आहे. सरपंचाचं काढलंय, झाडफूक करणाऱ्या बैगाचं काढलंय, सुई बघून धान्याच्या कोठीमागं लपलेल्या रामाधीन काकाचं तर दोनदा काढलंय. घरातल्या एका माणसाचं तेवढं वेळेवर काढायचं राहिलं. त्या माणसानं मागितलं होतं, तरी राहिलं. बिसाहिन भौजी आज आमच्या घरात नाही. त्याला आई कारण आहे, भाऊ कारण आहे, पण ती यादी करायला बसलो तर माझं नाव मला बरंच वर लिहावं लागतं.

भौजी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची, खेमू भैयाची बायको. तिच्या आधीची दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून हिला जन्मल्या जन्मल्या शेजारणीला विकली आणि सूपभर कोंडा देऊन परत विकत घेतली. आमच्याकडे अशा मुलीचं नाव बिसाहिन ठेवतात. लग्नाच्या आठव्या दिवशी ती मला म्हणाली, "बाबू, मला निदान कुणीतरी विकत घेतलंय. तुला कोंड्यावर कोंडा दिला तरी कोण नेणार?" मी तेव्हा दुसऱ्यांदा बारावीत होतो, त्यामुळे उत्तर देण्याच्या परिस्थितीत नव्हतो.

तिची खरी कीर्ती भडौनीची. वरात दारात आली की मुलीकडच्या बायका वऱ्हाड्यांना गाण्यातून शिव्या देतात, ती भडौनी. भौजी बसल्या जागी गाणं रचायची. एकदा एक मिशाळ व्याही आला, तर हिनं सुरू केलं, "मिशा आणल्या दीड हात, तोंड राहिलं गाडीत." व्याही हसून हसून जेवायचा थांबला. ज्याला भौजीची शिवी पडली नाही त्याला वाटायचं आपला मान राहिला.

आणि तिची सकाळ म्हणजे बासी. रात्रीचा भात पाण्यात भिजत घातलेला, सकाळी तो जरा आंबूस झाला की मीठ, कांदा, टोमॅटोची चटणी आणि बांधावरून खुडून आणलेली चेंच नाहीतर चरोट्याची भाजी. काशाचा वाडगा मांडीवर घेऊन ती उंबऱ्यावर बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याची उतरवत जेवायची. घरात ती सगळ्यांच्या शेवटी जेवे, हे खरं. पण ही एक वेळ तिची स्वतःची होती, आणि त्या वेळी ती पोटभर खायची.

ती वेळ मी बंद केली.

झालं असं की मी धमतरीला रक्त तपासायचा डिप्लोमा केला आणि तिथल्याच एका लॅबमध्ये लागलो. पांढरा कोट घरी आणून बाहेरच्या खोलीत खिळ्याला टांगू लागलो. बघायला कुणी नसलं तरी शेळ्या बघायच्या. एका रविवारी आमचे मालक, श्रीवास्तव सर, धरण बघायला निघाले होते ते वाटेत सकाळीच घरी टपकले. उंबऱ्यावर भौजी वाडगा घेऊन. ती उठलीसुद्धा नाही.

"या साहेब, दोन घास बासी घ्या. दिवसभर लोकांना टोचून डोकं तापत असेल, थंड होईल."

सर खूप हसले. मला मात्र धरणात उडी घ्यावीशी वाटली. ते गेल्यावर मी कोट अंगात घालून जाहीर केलं, "आजपासून या घरात बासी शिजणार नाही."

"बासी शिजत नाही रे, भिजते," आई म्हणाली. आईला आम्ही दाई म्हणतो.

"तेच ते. दरिद्री खाणं आहे. आणि ती बांधावरची भाजी गुरांना घाला."

पुढच्या शनिवारी मी टोस्टचे पुडे आणि चहापत्ती घेऊन आलो. बाबांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून शेजारी जाऊन बासी खाऊ लागले. भैया तालुक्याला समोसा खायचा. दाईला सून आल्यापासून कुणी काही सांगू शकत नव्हतं. आज्ञा पाळली एकट्या भौजीनं. "बाबू शिकलाय, काहीतरी बघूनच बोलला असेल," असं ती शेजारणींना सांगायची. सकाळी चहा आणि दोन टोस्ट, दुपारी उरलेला भात, बटाट्याचा रस्सा, वर पुन्हा चहा. दूध डेअरीला आणि पुरुषांच्या पेल्यात. आम्ही कबीरपंथी, त्यामुळे अंडं-मासळीचा प्रश्न नव्हता.

दोन वर्षांनी तिला मुलगी झाली. दाईनं सहाव्या दिवसाचं कांके पाणी, ते औषधी मुळ्यांचं कडू पाणी, रीतीप्रमाणे पाजलं, सुंठीचे लाडू दिले, आणि बाळंतपण संपलं असं समजली. भौजीचं संपलं नव्हतं. अंगावरून जाणं थांबेना. केस मुठीनं यायचे. पोट कायम फुगलेलं, चार-चार दिवस साफ व्हायचं नाही. चैत्राच्या उन्हात ती शाल घेऊन बसायची. भात करपायचा आणि तिला वास यायचा नाही. मुलगी रडायची तेव्हा ती तिच्याकडे शेजारच्या घरात काहीतरी चाललंय तसं बघायची.

दाई म्हणाली, "मुलगी झाली म्हणून तोंड पाडून बसलीय." भैया म्हणाला, "आळस चढलाय." बैगा येऊन लिंबू कापून गेला. मी पाचक चूर्णाची बाटली आणून दिली आणि म्हणालो, "भौजी, नाटकमंडळी काढ, मी तिकीट फाडतो."

ती हसली नाही. पूर्वी अशा वाक्यावर मला तीन परत मिळाली असती.

त्याच वैशाखात चुलतबहिणीचं लग्न होतं. वरात आली, ढोलकी थांबली, सगळ्या बायका भौजीकडे बघू लागल्या. तिनं तोंड उघडलं. बराच वेळ उघडंच ठेवलं. मग शेजारणीला हळूच म्हणाली, "आठवत नाही गं." दुसऱ्या कुणीतरी जुनंच गाणं उचललं. वऱ्हाड्यांना काही कळलं नाही. आम्हाला कळायला हवं होतं.

त्यानंतरच्या रविवारी मी ओसरीवर गावकऱ्यांचं रक्त काढत बसलो होतो. सात-आठ माणसं रांगेत. शेवटच्या माणसामागं भौजी येऊन उभी राहिली. चोळीची बाही तिनं स्वतःच कोपरापर्यंत गुंडाळली होती.

"बाबू, माझंही काढ ना. मला आतून काहीतरी संपल्यासारखं वाटतं."

लोक बघत होते. मला विनोद सुचला. मला तेव्हा फार सुचायचे.

"तुझ्यात रक्त कुठं आहे भौजी, नुसता चहा निघेल. नळी फुकट जायची."

सगळे हसले. भौजीनं बाही खाली केली, नीट, घडी मोडून. "बरं," म्हणाली आणि आत गेली. टोपलीत चार कोऱ्या नळ्या शिल्लक होत्या. त्या मी धमतरीला परत नेल्या.

भाद्रपदात तीजेला तिचा भाऊ न्यायला आला. तीजेला लेकी माहेरी जातातच, पण या वेळी दाईनं तिच्या सगळ्या साड्या बांधून दिल्या. "राहू दे तिकडं बरी होईपर्यंत," ती भावाला म्हणाली, आणि बरी होणं म्हणजे काय ते तिनंही सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. मुलीला कडेवर घेऊन भौजी मोटारसायकलवर बसली. मी म्हणालो, "लवकर ये." ती म्हणाली, "बघू."

तीज झाली, दसरा झाला, ती आली नाही. आमच्याकडे बायको अशी माहेरी राहिली की नवरा दुसरीला चुड्या भरून घरात आणतो, त्याला लग्नाएवढा खटाटोप लागत नाही. दाईनं बोलणी सुरू केल्याचं माझ्या कानावर आलं. मी "थांबा जरा" म्हणालो, इतक्या बारीक आवाजात की मलाच नीट ऐकू आलं नाही.

कार्तिकात एका सकाळी लॅबमध्ये महानदीपल्याडच्या सरकारी दवाखान्यातून नमुन्यांची पेटी आली. तिसऱ्या नळीवर चिठ्ठी होती: बिसाहिन बाई, वय २९. तिच्या माहेरच्या गावातल्या मितानिननं, म्हणजे आरोग्याचं बघणाऱ्या बाईनं, तिला हाताला धरून तिथं नेलं होतं. ते रक्त मी यंत्रात घातलं. हिमोग्लोबिन सहा पॉइंट दोन. थायरॉईड इतका बिघडलेला की मी नमुना पुन्हा लावला. बी-ट्वेल्व्ह तळाला. मी खुर्चीत बसलो तर सर म्हणाले, "काय रे, यंत्र बिघडलं?" मी म्हणालो, नाही.

रिपोर्ट मी स्वतः घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तो वाचला आणि माझ्याकडे बघितलं. मी बासीचं सगळं कबूल केलं.

"बासीनं असा आजार जात नाही, आणि बासी सोडली म्हणून आला असंही मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "बाळंतपणात थायरॉईड बिघडला, रक्त जात राहिलं. पण भाजी आणि सकाळचं जेवण काढून तुम्ही जागेवर काय दिलंत? चहा. जेवणावर चहा घेतला तर असलेलं लोहसुद्धा अंगी लागत नाही. पोट, रक्त, गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी, सगळं मनाशी जोडलेलं असतं. तिला उदासीचा आजार आहे, आणि त्यावर औषध आहे. वर्षभर आधी आणली असती तर..."

त्याच दुपारी मी घरी जाऊन तो कागद दाईसमोर ठेवला. "ती आळशी नव्हती. आजारी होती. बरी होणार आहे."

"कागद भात रांधतो का?" दाई म्हणाली.

भैयानं मात्र कागद बराच वेळ हातात धरला. त्याला आकडे कळत नाहीत. "तू तर घरातच होतास," तो म्हणाला. मग म्हणाला, "मी त्या दुसरीच्या घरी शब्द दिलाय, टीकम."

छेरछेराच्या सणाआधी नवी भौजी आली. चांगली आहे. सकाळी बासी खाते, आणि तिला कुणी काही म्हणत नाही.

बिसाहिन भौजी दर तीन महिन्यांनी लॅबमध्ये तपासणीला येते. मागच्या महिन्यात आली तेव्हा गालावर थोडं मांस होतं. मी फॉर्म भरायला घेतला. नाव, वय. पतीचं किंवा वडिलांचं नाव या रकान्यापाशी माझा पेन थांबला.

"वडिलांचं लिही," ती म्हणाली. "सुकालू."

मी लिहिलं. "पोरगी कशी आहे?"

"चालते आता. भाजी ओरबाडून खाते."

"आणि तू? उपाशीपोटी आलीस ना? तपासणीला लागतं."

"आले."

मग मला राहवलं नाही. "भौजी, एखादी शिवी दे की. किती दिवस झाले."

तिनं माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत थोडं जुनं काहीतरी हललं, मला वाटलं येणार.

"शिव्या नात्यातल्या माणसांना देतात, बाबू," ती म्हणाली आणि बाही वर करून हात टेबलावर ठेवला.

मी रबर बांधला. शीर पहिल्याच खेपेला सापडली.