मामाने पुरलेली पेटी

माझा मामा टीव्हीच्या सिनेमांसाठी खजिने पुरतो. त्याच्या कार्डावर 'प्रॉपर्टी मास्टर' असं छापलंय, पण मामीला विचाराल तर ती म्हणते, "हे? हे खड्डे खणतात."

रविवारी दुपारी लागतात ना ते सिनेमे, अर्धा नकाशा नायिकेकडे, अर्धा खलनायकाकडे आणि मधल्या मध्ये एक प्राध्यापक चिखलात आपटतो, त्यातले नकाशे मामा घरी चहाच्या पाण्यात बुडवून जुने करतो. मामीच्या कपड्यांच्या दोरीवर टॉवेलशेजारी कायम कुठलं तरी बेट वाळत असतं.

खोटं काम असलं तरी खरं करायचं, हा त्याचा हट्ट. नकाशा काढायचा तर शूटिंगच्या जागेवर जाऊन, पावलं मोजून. "अहो, टीव्हीवर कोण वाचतंय?" असं दिग्दर्शकाने म्हटलं की मामा कानाडोळा करायचा. पेटीही चार दिवस आधी पुरायचा आणि वर गवत लावून पाणी मारायचा, म्हणजे माती कालची उकरलेली दिसत नाही.

एका खेपेला मात्र या हट्टाचा कहर झाला. पितळेच्या बांगड्या जवळून पितळेच्याच दिसतात, म्हणून त्याने मामीच्या कपाटातून सोन्याच्या चार बांगड्या उचलल्या. न विचारता! तिच्या आईची तेवढीच वस्तू तिच्याकडे उरली होती, आणि हरवतील या भीतीने ती त्या कधी घालायची नाही. "चार दिवसांचा तर प्रश्न," असं स्वतःलाच सांगून मामाने त्या पेटीत ठेवल्या आणि पेटी पुरली.

शूटिंगच्या दिवशी त्याने खूण गाठली. मोठ्या काळ्या खडकापासून सात पावलं. खणलं, तर नुसती माती. आठ पावलांवर माती. सहावर गांडुळं निघाली. मग कॅमेरामन म्हणाला, "काका, खडक मध्ये येत होता. काल दोघांनी उचलून सरकवला."

खडक प्लास्टरचा होता आणि मामानेच बनवला होता! स्वतः रंगवलेल्या खडकावर हा शहाणा डोळे मिटून भरवसा ठेवून बसला होता. आधी तो कुठे होता, तर एक म्हणे इकडे, दुसरा म्हणे तिकडे.

मामा मटकन खाली बसला आणि त्याने बांगड्यांचं खरं सांगून टाकलं. सगळं युनिट कुदळी घेऊन धावलं. तासाभरात मैदानाची चाळण झाली, पेटी काही सापडेना. घरी काय तोंड दाखवू, एवढंच तो पुटपुटत होता.

नायिका हातातला नकाशा निरखत होती. "काका, तुम्ही पावलं मोजून काढता ना? यात पडक्या भिंतीपासून बावीस लिहिलंय."

मामा बघतच राहिला. जागा त्याने महिन्यापूर्वीच ठरवली होती, खडक तिथे नंतर आला होता. त्यानंतर डझनभर नकाशे काढल्यावर हा कुठला लक्षात राहायला? पण भिंत खरी होती, दगडाची, कुणाला न हलणारी.

"तुम्हीच चाला," ती म्हणाली, "माझी पावलं लहान पडतील."

बाविसाव्या पावलावर कुदळ मारली आणि ठण्णकन आवाज आला. मामाने बांगड्या मोजल्या, चार भरल्या, आणि तो सगळ्यांसमोर ढसाढसा रडला.

"छान," दिग्दर्शक म्हणाला, "आता परत पुरा."

शॉट होईपर्यंत मामा तिथून हलला नाही. संध्याकाळी बांगड्या कपाटात गेल्या आणि मला फोन आला, "वाचलो गं. मामीला सांगू नकोस."

तीन महिन्यांनी सिनेमा लागला तेव्हा मी त्यांच्याकडेच होते. पेटी उघडली आणि पडदाभर बांगड्या चमकल्या. मामीने कप खाली ठेवला. "या माझ्या आईच्या आहेत."

मामाने एका दमात सगळं कबूल केलं, रडण्यासकट. मामी आत गेली. कपाटाचं दार वाजलं.

ती बाहेर आली ती चारही बांगड्या हातात घालून.

"तुम्ही चार दिवस पुरल्यात," ती म्हणाली. "मी वीस वर्षं पुरून ठेवल्या होत्या."

मामाचा जीव भांड्यात पडला. मामीने त्याच हाताने रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.